एलेपायोचा कौल

हवाईच्या मोठ्या बेटावर मौना लोआच्या उतारावर ‘किपुका पुआउलू’ नावाचं छोटंसं रान आहे. चहूबाजूंनी लाव्हा वाहत गेला आणि मधली जुनी जमीन तेवढी वाचली. अशा वाचलेल्या तुकड्याला तिथे किपुका म्हणतात. दोनेक किलोमीटरची पायवाट. सकाळी पोचलो तेव्हा झाडांत धुकं अडकलेलं होतं.

वाटेत पडलेलं एक पान उचललं आणि थबकलो. कोयत्यासारखं वाकडं, जाडसर. कोकणात रस्त्याकडेला लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीचं असंच असतं! खरं तर ते पान नव्हेच, चपटा झालेला देठ. हा कोआ, त्याच गोतातला, पण हवाईबाहेर कुठेही आपसूक न उगवणारा. शेजारच्या रोपाला मात्र आपल्या बाभळीसारखी बारीक पिसारी पानं होती. झाड वाढतं तशी ती जातात आणि हे कोयते येतात.

हवाईच्या भाषेत ‘कोआ’ म्हणजे योद्धा, शूर. होनोलुलूच्या इओलानी राजवाड्यातला भव्य जिना याच लाकडाचा, उकुलेले हे छोट्या गिटारसारखं वाद्यही याचंच. पण कोआचा खरा मान होडीचा. मालवणकडे असते तशी, तोल राखायला बाजूला तरंगता ओंडका जोडलेली उलांडीची होडी, एका अखंड खोडातून कोरलेली. झाड निवडणं हे देवकार्यच असे. एलेपायो नावाचं चिमुकलं पाखरू खोडावर उतरून चोची मारू लागलं, तर आत कीड आहे असं समजून ते झाड सोडून देत. नुसतं चालत गेलं तर लाकूड निरोगी. होडी बांधणाऱ्यांची देवी लेआ त्या पाखराच्या रूपात येते, अशी श्रद्धा. आपल्याकडे देवाला कौल लावतात, तसाच हा कौल. आणि तो निव्वळ श्रद्धेचाही नाही, कारण किडे कुठे आहेत हे किडे खाणाऱ्या पाखराइतकं कोणाला कळणार?

१७९३ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हरने इथे गुरं आणली. राजाने त्यांना मारायला बंदी केली, ती रानोमाळ झाली आणि कोआची कोवळी रोपं फस्त करत सुटली. पुढे कुरणं आणि लाकूडतोड आली.

याचा परिणाम ऐकून मला गलबलून आलं. ‘हवाईलोआ’ ही जोडहोडी बांधायची ठरली, तेव्हा तिच्याजोगे दोन कोआ महिनोन्महिने रान धुंडाळूनही मिळाले नाहीत. शेवटी अलास्काच्या मूळ रहिवाशांनी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे दोन प्रचंड ओंडके भेट दिले आणि १९९३ साली होडी पाण्यात उतरली. जिथे होडी म्हणजे कोआ, तिथे लाकूड परमुलखातून आलं! पण अलास्कातली ती झाडं तोडण्याआधी, नाविक नायनोआ थॉम्पसन आणि त्यांच्या सोबत्यांनी याच बेटावर कोआची हजारो रोपं लावली.

ती लागवड पाहायला जायला मला वेळ उरला नाही. ते मनाला लागून राहिलंय.