चार चेंडू राहिले होते

रविवार, रात्री साडेदहा

स्कोअरची वही पंख्याखाली उघडी ठेवलीय. पानांच्या कडा फुगल्यात, पण आकडे शाबूत आहेत. शिसपेन्सिलीने लिहितो म्हणून मला हसणाऱ्यांनी आज बघायला हवं होतं.

आजच्या फायनलची शेवटची नोंद : ४.२ ओव्हर, ३१ ला १. समोरच्यांच्या ११८. दुपारपासून तासगावच्या बाजूला आभाळ भरून आलं होतं, पण वळीव रोजच हुलकावणी देतोय म्हणून खेळत राहिलो. मग एकदम वारा, मांडवाचं कापड फाटून फडफडायला लागलं, गारा. ताडपत्री धरायला धावलेली पोरं ताडपत्रीसकट ओढली गेली. पाऊण तासाने मॅटिंग उचललं तर खाली चिखलाचा गोळा.

वीस ओव्हरच्या सामन्यात निकाल लावायचा तर दुसऱ्या डावात निदान पाच ओव्हर व्हाव्या लागतात. चार चेंडू कमी पडले. चौदा वर्षांखालच्या मुलांना हे समजावताना माझंच तोंड कडू झालं.

राखीव दिवस नाही. उद्या मैदान लग्नाला दिलंय. पाऊस थांबायच्या आतच मंडपवाल्याचा टेम्पो गेटपाशी उभा होता, आणि ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी आत डोकावून ‘झालं का?’ विचारत होता.

स्पर्धेच्या नियमांचा कागद मीच टाइप केलेला. पांढरे बूट, टोपी, पाण्याची बाटली स्वतःची, पंचांशी हुज्जत घालू नये, सगळं आहे त्यात. फायनल वाहून गेली तर काय, ती ओळ नाही. मे महिन्यात स्पर्धा ठेवणाऱ्या माणसाला वळीव आठवू नये, याला काय म्हणावं!

मग स्टोअर रूममध्ये बैठक. ओल्या किटबॅगांचा वास, पेपरावर भजी. बॅटिंग करणाऱ्यांच्या बाजूचे एक पालक रनरेट काढून बसले : आमचा सातच्या वर, त्यांचा सहाच्या आत. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, मग आमच्याही पहिल्या २६ चेंडूंचाच हिशोब धरा. कुणीतरी नाणेफेक सुचवली. त्यावर कोचसाहेब उसळले, ‘आठ दिवस उन्हात पोरं भाजली ती नाण्यासाठी?’

मग दाखले निघाले. हांगझोऊच्या एशियाडमध्ये, ऑक्टोबर २०२३ ला, फायनल पावसाने धुतली. अफगाणिस्तान १८.२ ओव्हरमध्ये ५ बाद ११२, भारताने एक चेंडूही खेळून काढला नाही, तरी वरच्या मानांकनावर सुवर्ण आपल्याला. महाराष्ट्राचा ऋतुराज गायकवाड कॅप्टन होता म्हणून आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अफगाणी पोरांना काय वाटलं असेल याचा विचार तेव्हा निदान मी तरी केला नव्हता. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्याजवळ गहुंजेला एमपीएलची, म्हणजे महाराष्ट्र प्रीमियर लीगची फायनल अशीच बुडाली आणि साखळीत वर असलेल्या रत्नागिरीला करंडक मिळाला. आम्ही कोल्हापूरवाल्यांच्या बाजूचे, तेव्हा पार चिडलो होतो. पण दोन्हीकडे आधी ठरलेलं काहीतरी होतं. आमच्याकडे पाऊस पडून गेल्यावर नियम करायचा होता, आणि तेव्हा कुठलाही नियम सुचवला की सुचवणाऱ्याचं पोरगं कुठल्या टीममध्ये ते आधी कळायचं.

शेवटी सगळे माझ्याकडे वळले. ‘साखळीचं टेबल काढा.’

दोघांचे सारखेच गुण. नेट रनरेट (ओव्हरमागे काढलेल्या धावांतून ओव्हरमागे दिलेल्या धावा वजा) काढला, पुन्हा काढला. फरक तिसऱ्या दशांश स्थळावर. धावांच्या भाषेत जेमतेम एक धाव.

इथे मला गुरुवार आठवला.

गुरुवारी सकाळी, याच दोघांतल्या एका टीमच्या सामन्यात, पोरांनी दोन धावा पळून काढल्या आणि मी ‘२’ लिहिले. चहाचा कप खाली ठेवताना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं की पंचाचा हात खांद्याकडे गेलाय. बोटं खांद्याला टेकवली की ‘शॉर्ट रन’, म्हणजे एक धाव अपुरी पळालेली, ती वजा. स्कोअररने हात वर करून पोच द्यायची आणि पंचाने ती मिळेपर्यंत थांबायचं, ही पद्धत. पण पंच कॉलेजचा पोरगा, पुढचा चेंडू सुरूही झाला. माशी हाकलली असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि कप उचलला.

ती एक धाव वजा केली, तर टेबल उलटतं.

मी वही मिटली. म्हणालो, ‘एवढ्याशा फरकावर लहान पोरांचा निकाल लावू नका. २००२ ला कोलंबोत चॅम्पियन्स ट्रॉफीची भारत-श्रीलंका फायनल पावसामुळे दोन दिवस खेळवली, श्रीलंकेचे दोनदा पन्नास-पन्नास ओव्हर झाले, तरी शेवटी दोघं संयुक्त विजेतेच ना?’ सगळ्यांना पटलं. एक पालक पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘मोठं मन लागतं हो.’ मी भजी खात राहिलो.

पुढचा घोळ मेडलचा. पंधरा सोनेरी, पंधरा रुपेरी आणलेली. रुपेरी कुणी घेईना. आणखी पंधरा सोनेरी मागवायची ठरली, खर्च माझ्या अंगावर. करंडक सहा-सहा महिने. पहिले सहा महिने कुणाकडे, त्यासाठी मात्र नाणंच उडवलं.

हे चाललेलं असताना पोरं सायकल स्टँडच्या पत्र्याखाली. विटांवर एक स्टंप उभा करून बोल-आउट, म्हणजे बॅट्समनशिवाय नुसता स्टंपवर नेम धरून बॉल टाकणं, चालू होतं. डर्बनला २००७ मध्ये मॅच टाय झाल्यावर आपण पाकिस्तानला असंच तीन-शून्य हरवलं, तो व्हिडिओ सगळ्यांना पाठ. दोन्ही टीमची मिसळ झालेली, रबरी बॉल, अनवाणी पाय. एकाने मला हाक मारली, ‘काका, लिहा ना, नाहीतर हे फसवतील!’

वही पिशवीत होती. ‘ओली झालीय रे,’ म्हणालो.

आत्ता त्या पंच पोराचा मेसेज आला. गुरुवारच्या सामन्याचे तीनशे राहिलेत. लगेच पाठवले. खाली दुसरं काही विचारलं नाही.