चित्रकलेचा तास आणि होमी भाभा

आमच्या वेळी शाळेच्या प्रयोगशाळेत होमी भाभांची तसबीर होती. सहावीत 'होमी भाभा बालवैज्ञानिक' परीक्षेला बसलेल्या आम्हा मुलांना त्यांचं चरित्र तारखांसकट पाठ होतं. जन्म ३० ऑक्टोबर १९०९, टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५, 'अप्सरा' अणुभट्टी १९५६, माँ ब्लाँ पर्वतावर विमान अपघातात मृत्यू २४ जानेवारी १९६६. एवढं आलं की भाभा आले.

चित्रकलेच्या बाईंना हे मान्य नव्हतं. परीक्षा जवळ आली की त्यांचा तास हमखास गणिताला नाहीतर विज्ञानाला जायचा. एकदा असाच तास मागायला आलेल्या विज्ञानाच्या सरांना त्या भर वर्गात म्हणाल्या, "सर, तुमचे भाभा उत्तम चित्रं काढायचे, ठाऊक आहे ना?" सर हसले आणि तास घेऊन गेले.

बाई जे. जे.मध्ये शिकलेल्या. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या तयारीला आम्ही शाळा सुटल्यावर थांबायचो, तेव्हा त्या भाभांबद्दल थोडं थोडं सांगत. लहानपणी त्यांना चित्रकला शिकवायला जहांगीर लालकाका होते. (या नावावर आम्ही आठवडाभर हसत होतो.) केंब्रिजला वडिलांच्या इच्छेखातर मेकॅनिकल इंजिनियरिंग केलं, तेही पहिल्या वर्गात, आणि मग आपल्या आवडीच्या भौतिकशास्त्राकडे वळले. तिथेच विद्यार्थ्यांच्या नाटकांचे देखावे रंगवले, कॉलेजच्या मासिकाचं मुखपृष्ठ केलं. १९३९ साली सुट्टीवर आले आणि महायुद्धामुळे इथेच अडकले; मग बंगलोरला भारतीय विज्ञान संस्थेत गेले, जिथे सी. व्ही. रामन होते. रामन यांचंही चित्र त्यांनी काढलं आहे. १९४१ मध्ये नागपूरच्या सभेत रामन यांनी त्यांची ओळख आजचा लिओनार्दो दा विंची अशी करून दिली. रामन कौतुकाच्या बाबतीत फार उदार म्हणून प्रसिद्ध नव्हते, हे लक्षात घ्यावं.

हे सगळं श्रीमंताघरचं, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई त्यांच्या सख्ख्या आत्या. घरात कलेची पुस्तकं, बीथोव्हेन-मोझार्टच्या तबकड्या. आमच्या चाळीत रेडिओवर नाट्यसंगीत लागलं तरी शेजारी भिंत ठोकायचे. पण पैसा पुष्कळांकडे होता. संशोधन संस्थेच्या भिंतींवर कोणाची चित्रं लावायची याची काळजी वाहणारा संचालक मला दुसरा माहीत नाही.

माझे वडील तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात टर्नर होते. ते भाभांच्या पश्चात लागले, तरी बोलताना 'साहेब' म्हणत. मोठं झाड तोडायचं नाही, मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचं, हा साहेबांचा शिरस्ता ते आम्हाला अभिमानाने सांगत. जणू खड्डे त्यांनीच खणले होते.

मी शेवटी ड्राफ्ट्समन झालो. कंपनीच्या एका कामासाठी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जायचा योग आला. हातात नळ्यांच्या आधारकंसांची रेखाटनं, आणि समोर चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं 'भारत भाग्यविधाता', ४५ फूट लांब, ९ फूट उंच. भाभांनी भारतीय चित्रकारांकडून आराखडे मागवून त्यातून निवडलेलं. पुढे गेलं की आरा, गायतोंडे यांची चित्रं. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या गायतोंडेंचा कॅनव्हास, आणि त्याच्यासमोरून समीकरणांवर वाद घालत चाललेली दोन पोरं. त्यांना चित्राचं काही अप्रूप नव्हतं. ते रोजचंच होतं, आणि मला वाटतं भाभांना तसंच हवं असणार. माझ्याबरोबर आलेले कंपनीचे साहेब घड्याळ बघत होते, म्हणून निघावं लागलं.

भाभांनी पंचविशीच्या आसपास एका पत्रात लिहिलं होतं, की आयुष्याची लांबी वाढवणं आपल्या हाती नाही, म्हणून मी त्याची तीव्रता वाढवीन. कला, संगीत, कविता, जे काही करतो ते त्यासाठीच. फावल्या वेळचा विरंगुळा म्हणून ते चित्रांकडे बघतच नव्हते. ते गेले तेव्हा ५६ वर्षांचे होते.

शाळेच्या महोत्सव समितीने देणगीच्या पावतीवर 'प्रयोगशाळेच्या नूतनीकरणासाठी' असं छापलं आहे. माझ्या पावतीवर मी ते खोडून 'चित्रकलेच्या वर्गासाठी' असं लिहिलं आहे. खजिनदारांनी कृपया हरकत घेऊ नये.