ईशापूर, १९४२

बाबा पोलिसात हवालदार होते. दसऱ्याला मुख्यालयात शस्त्रपूजा असायची आणि आम्हा लाइनीतल्या पोरांना त्या दिवशी तेवढी आत जायची मुभा मिळायची. चौथीत असताना बाबांनी मला त्यांची थ्री-नॉट-थ्री जवळून दाखवली. बोल्टच्या दांड्याखाली, उजव्या बाजूच्या लोखंडावर काहीतरी ठोकलेलं होतं. अक्षरांच्या खाचांत कुंकू बसल्यामुळे ती वाचता आली: वर मुकुट, खाली जी.आर.आय., ईशापूर, १९४२, मग एसएचटी. एल.ई. आणि तीनच्या आकड्यापुढे एक तारा.

“ईशापूर कुठं आहे?” मी विचारलं. “बंगालकडं असेल,” बाबा म्हणाले. बंदोबस्त, निवडणुका, दंगली, सगळीकडे ती रायफल त्यांच्या खांद्यावर होती. ते गाव मात्र त्यांनी कधी पाहिलं नाही. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या डायरीच्या शेवटच्या पानावर त्या खुणा जशाच्या तशा उतरवलेल्या सापडल्या, खाली बट नंबर, म्हणजे दस्त्यावरचा क्रमांक, १४७.

कामानिमित्त कोलकात्याला चार दिवस होतो. त्यातले तीन कामात आणि घामात गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. चौथ्या दिवशी सकाळी सियालदाहून लोकल पकडली. गर्दी आपल्या मुंबईइतकीच, पण इथं अनोळखी माणूससुद्धा सरकून बसायला जागा देतो, हे मला फार आवडलं.

आधी बराकपूरला उतरलो. २९ मार्च १८५७ रोजी मंगल पांडे इथल्याच परेड मैदानावर उभा राहिला होता. निमित्त होतं नव्या एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसांचं. एनफिल्ड म्हणजे लंडनच्या उत्तरेचं एक ठिकाण. सरकारी बंदुका तिथल्या कारखान्यात बनायच्या. बाबांच्या रायफलीचं पूर्ण नावही ली-एनफिल्ड. ली हा तिचा बोल्ट आणि मॅगझिन रचणारा माणूस, जेम्स पॅरिस ली. ज्या नावाच्या बंदुकीवरून बराकपूर पेटलं, त्याच नावाची रायफल पुढे त्याच हुगळीच्या काठी, दोन स्टेशनं पलीकडे, आपल्या कामगारांनी घडवली. नदीकाठी हे डोक्यात आलं आणि बराच वेळ तिथून उठवेना.

ईशापूरला रेल्वेच्या लेखी इच्छापूर म्हणतात. १७८७ मध्ये इथं दारूगोळ्याच्या दारूचा कारखाना उभा राहिला आणि १९०४ मध्ये त्याच जागी रायफल फॅक्टरी आली. संरक्षण खात्याचा कारखाना, आत जाता येत नाही हे ठाऊक होतं. मला फक्त ती भिंत बघायची होती. भिंत बघितली, रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा घेतला आणि बाबांची डायरी उघडून बसलो.

शेजारच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. त्यांची नजर पानावर गेली आणि तिथंच थांबली. “ये तो हमारा छापा है,” ते म्हणाले.

१९६५ पासून निवृत्तीपर्यंत ते आत फिटर होते. त्यांना काम शिकवणारा मिस्त्री दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथंच होता. त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर बाबांच्या खुणा पुन्हा काढल्या आणि एकेक समजावली. जी.आर.आय. म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट. एसएचटी. एल.ई. म्हणजे शॉर्ट ली-एनफिल्ड. तीनच्या आकड्यापुढचा तारा म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या घाईत काही भाग कमी करून सोपं केलेलं मॉडेल. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला आणि तिथं अशोकस्तंभाचे सिंह आले. त्यांच्या स्वतःच्या उमेदीत हीच रायफल ७.६२ मिलिमीटरच्या गोळीसाठी बनू लागली होती. ‘आमच्या’ वेळी लोखंड चांगलं आलं, असं म्हणताना त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर नकळत घासत होता, धार तपासावी तसा.

मी त्यांना पितळी बटप्लेटची गोष्ट सांगितली. तिच्यामागच्या पोकळीत तेलाची बाटली आणि पुलथ्रू, म्हणजे नळीतून चिंधी ओढायची दोरी, असायचा. बाबा चिंधी ओढून नळी साफ करायचे आणि मग उजेडाकडे धरून आत बघायचे. आजोबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

“नली कैसी थी?”

इतक्या वर्षांत बाबांच्या रायफलीबद्दल हे कुणी विचारलं नव्हतं. बाबा दरवर्षी फायरिंगहून आले की आईला जे सांगायचे, तेच मी सांगितलं: नळी आरशासारखी आहे, गोळी जिथं बघतो तिथंच जाते.

त्यांनी टपरीवाल्याला बंगालीत काहीतरी सांगितलं. टपरीवाल्याने माझ्याकडे बघून मान डोलावली आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. मग त्यांनी वर्तमानपत्राची ती कड नखाने दाबून सरळ फाडली, १९४२ च्या खाली १४७ लिहिलं आणि डायरीत माझ्या हातानं ठेवायला लावली.