टॅक्टिकल मेडिसिनच्या कोर्सआधीचे पंधरा दिवस

पोलिस, अग्निशमन दलाचे जवान, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी यांच्यासाठीचा टॅक्टिकल मेडिसिनचा, म्हणजे गोळीबारासारखा धोका चालू असताना जखमीला सांभाळण्याचा, कोर्स बहुतेक ठिकाणी दोन दिवसांत आटोपतो. दुसऱ्या दिवसाचा मोठा भाग प्रसंग उभे करून घेतलेल्या सरावात जातो. म्हणजे हाताला वळण लागायला जेमतेम एक दिवस मिळतो. तो टूर्निकेटचं (रक्त थांबवायला हातापायाभोवती बांधून दांडीने पीळ देत आवळायच्या पट्ट्याचं) पाकीट कुठून फाडायचं हे शिकण्यात गेला, तर कोर्सला येऊन उपयोग काय? थिअरी तिथे शिकवतातच. घरून तयार करून न्यायचे ते हात.

वाचायचं थोडंच आहे, पण ते नीट वाचा. या विषयाचा पाया १९९६ साली अमेरिकी लष्करी वैद्यकात घातला गेला. त्या पद्धतीला टीसीसीसी (टॅक्टिकल कॉम्बॅट कॅज्युअल्टी केअर) म्हणतात आणि नागरी सेवांसाठी तिचंच रूप म्हणजे टीईसीसी (टॅक्टिकल इमर्जन्सी कॅज्युअल्टी केअर). आपल्या कोर्सचं नाव यांपैकी कोणतं आहे ते आधी बघा, कारण टप्प्यांची नावं बदलतात. टीईसीसीत तीन टप्पे आहेत: थेट धोका, अप्रत्यक्ष धोका आणि हलवणूक. थेट धोक्यात उपचार जवळजवळ नाहीतच. धोका थांबवायचा, जखमीला आडोशाला न्यायचं आणि हातापायातून रक्त उसळत असेल तर टूर्निकेट लावायचं. बाकी सगळं आडोशाला पोचल्यावर.

रुग्णवाहिकेवर वर्षानुवर्षं काम केलेले लोक इथेच अडखळतात. आधी श्वासमार्ग ही सवय हाडीमाशी खिळलेली असते. इथला क्रम इंग्रजी आद्याक्षरांच्या ‘मार्च’ (MARCH) या शब्दात बांधलाय: मोठा रक्तस्राव, श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, मग शरीराचं तापमान आणि डोक्याची दुखापत. मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो, बंद श्वासमार्गाकडे वळेपर्यंतसुद्धा वेळ उरत नाही, म्हणून रक्त पहिलं. हा क्रम पाठ करून पुरत नाही. जमिनीवर उशी ठेवा, तिला जखमी समजा आणि मोठ्याने बोलत क्रमाने हात फिरवा. हास्यास्पद दिसतं, पण चालतं.

आता टूर्निकेट. सरावासाठी वेगळं घ्या. सरावाची टूर्निकेट बहुधा निळी असतात, ती याचसाठी. सरावात वापरलेलं टूर्निकेट ड्यूटीच्या किटमध्ये ठेवू नका. वारंवार पीळ देऊन दांडी वाकते, पट्ट्याची शिवण सैल होते, व्हेल्क्रोत केस आणि धागे अडकतात. स्वस्त नकला तर सरावालाही नकोत. त्यांची दांडी ऐन पिळाच्या वेळी तुटते आणि हाताला चुकीचा अंदाज बसतो.

दांडीच्या टूर्निकेटमध्ये खरं काम दांडी करते असं सगळ्यांना वाटतं. खरं काम आहे पट्टा ओढण्याचं. पीळ द्यायच्या आधी पट्टा इतका घट्ट हवा की त्याच्याखाली बोटांची टोकं सरकवता येऊ नयेत. तो तसा ओढला असेल तर दांडीच्या साधारण तीन अर्ध्या फेऱ्यांत रक्त थांबतं. ढिला राहिला की पाच-सहा फेऱ्या होतात, पट्टा गोळा होतो, कातडी चिमटते, दांडी वाकते आणि तरीही रक्त चालूच. याहून वाईट म्हणजे अर्धवट आवळणं. वरवरच्या शिरा दबतात, खोलवरची धमनी चालू राहते. रक्त आत येतं पण परत जात नाही, आणि जखम आधीपेक्षा जास्त वाहते. ‘लावलं तरी थांबत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. तिथे सोडायचं नाही, आणखी पीळ द्यायचा किंवा वरच्या बाजूला लागूनच दुसरं लावायचं.

घाईत, कपड्यांवरून लावायचं तर हातापायाच्या मुळाशी, जितकं वर जाईल तितकं. आडोशाला, जखम दिसत असताना, कातडीवर आणि जखमेच्या दोन ते तीन इंच वर. गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही. पँटच्या खिशात मोबाइल किंवा किल्ल्या असतील तर पट्टा त्यांच्यावरच आवळला जातो, म्हणून आधी खिसा चाचपायचा.

घरचा सराव एका हाताने करा, आधी उजव्या, मग डाव्या. मग डोळे मिटून. मग जिन्यावर दोन-तीन चकरा धावून, छाती धडधडत असताना. स्वतःवर लावताना नाडी बंद होईपर्यंत आवळायची गरज नाही. तो भाग प्रशिक्षकासमोर करा. रक्ताची गुठळी होण्याचा त्रास, गरोदरपण, खांद्याची जुनी दुखापत असेल तर पहिल्याच तासाला सांगून टाका.

जखम भरण्याच्या सरावाला जाड स्पंज पुरतो. त्यात दोन बोटं जातील एवढं खोल छिद्र पाडा आणि तीन-चार मीटर साधं गॉझ घ्या. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे बरणीत कापड कोंबावं तसं वरवर भरणं. आत पोकळी राहते आणि रक्त तिथेच साचतं. पहिलं बोट गॉझसकट तळाशी, जिथून रक्त येतंय तिथे टेकवायचं. दुसऱ्या हाताने गॉझ पुरवत राहायचं आणि हात बदलताना आतला दाब क्षणभरही सोडायचा नाही. भरून झालं की दोन्ही तळव्यांनी वजन टाकून दाबायचं: रक्त गोठवणारं गॉझ असेल तर तीन मिनिटं, साधं असेल तर दहा. घड्याळ लावून बघा, तीन मिनिटं किती लांब असतात ते कळेल. मध्येच उचलून बघायचा मोह होतो, आणि बघितलं की धरू लागलेली गुठळी पुन्हा पहिल्यापासून. छाती आणि पोटाची जखम अशी भरत नाहीत.

एक प्रयोग जरूर करा. हातमोजे घालून त्यांना साबणाचं पाणी लावा आणि गॉझचं पाकीट फाडून बघा. नकली रक्तात हात माखल्यावर असंच होतं. पाकिटाची खाच कुठे आहे ते बोटांना माहीत हवं.

हातमोजे काळे घेऊ नका. काळे रुबाबदार दिसतात, पण जखमीच्या पाठीखालून हात फिरवून बाहेर काढल्यावर त्यांवर रक्त दिसत नाही, आणि ती तपासणी सगळी तळव्यावरच्या रंगावर चालते. फिकट निळे नायट्राइलचे घ्या, चार-पाच जोड. सोबत गुडघ्याचे पॅड, संरक्षक चष्मा, कपडे कापायची कात्री, डोक्यावरचा टॉर्च आणि त्याच्या जादा बॅटऱ्या. पँट जाड, शर्ट पूर्ण बाह्यांचा, आणि दोन्ही टाकाऊ. नकली रक्ताचे डाग बऱ्याचदा जात नाहीत. बदलायचा एक जोड पिशवीत. नखं कापलेली, अंगठ्या घरी. भरलेलं हत्यार किंवा काडतुसं सरावाच्या जागी अजिबात न्यायची नाहीत.

किटमधलं टूर्निकेट प्लॅस्टिकच्या वेष्टनातून काढून ठेवा. पट्टा बकलमधून ओवलेला, फास पाय आत जाईल एवढा मोठा, टोक थोडं दुमडलेलं म्हणजे ते चिमटीत धरता येतं. ते अंगावर मधोमध, दोन्ही हात पोचतील असं लावा. उजव्या बाजूला लावलं आणि उजवा हातच जखमी झाला तर ते शोभेचं. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेलं टूर्निकेट सरावालाच वापरा.

शरीराची तयारी बहुतेक जण विसरतात. ऐंशी किलोचा माणूस वीस मीटर ओढणं हे पाठीचं नाही, मांड्यांचं काम आहे. वाळूची पोती बांधून मागे-मागे चालत ओढून बघा. गुडघ्यांवर वीस मिनिटं बसून हातांनी बारीक काम करायची सवयही लागते.

शेवटी एक पर्मनंट मार्कर, दोन असले तर बरं. टूर्निकेट लावल्याची वेळ लिहायची असते, आणि ओल्या पट्ट्यावर बॉलपेन उठत नाही.