कापडाची पारख पाण्यात

कापड विकत घेताना आपण ते चिमटीत धरतो, अंगठ्याने चोळून पाहतो, उजेडाकडे धरून वीण किती दाट आहे याचा अंदाज घेतो आणि मोठ्या जाणकाराच्या थाटात मान डोलावतो. या परीक्षेवर माझा फारसा विश्वास नाही. कोरडे कापड थोडेफार सोंग करतेच. भरपूर खळ दिलेले विरळ सुती कापडसुद्धा हाताला भरदार लागते. त्याचा खरा स्वभाव कळतो तो बादलीत बुडवल्यावर.

सुती कापडाचेच पाहा. पहिल्याच धुण्यात सदऱ्याच्या बाह्या मनगटाच्या वर सरकतात आणि कापड आटले म्हणून आपण हळहळतो. मागावर ताण्याचे, म्हणजे लांबीच्या दिशेचे, धागे खेचून धरलेले असतात आणि पुढे रंग देताना, वाळवतानाही ती ओढ बऱ्याच अंशी तशीच राहते. पाण्यात सूत फुगते, ओढ सुटते आणि कापड सैलावून आखडते. चुण्यांचे मूळही पाण्यातच आहे. कापूस म्हणजे मुख्यतः सेल्युलोज; त्याच्या रेणूंना एकमेकांशी जोडणारे दुबळे बंध ओलाव्याने सुटतात आणि वाळताना कापड ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत पुन्हा जुळतात. म्हणून पिळून तसाच टाकलेला सदरा चुण्यांसकट वाळतो, आणि त्या मोडण्यासाठी इस्त्रीपूर्वी पुन्हा पाणीच शिंपडावे लागते. जवसाच्या खोडापासून निघणारे लिनन याबाबतीत अधिकच हट्टी असते. त्याचा तंतू ताठ असल्याने नुसते खुर्चीत बसून उठले तरी घड्या उमटतात. मात्र ही दोन्ही कापडे ओली असताना कोरड्यापेक्षा अधिक मजबूत होतात, आणि आपटणे, चोळणे, पिळणे ती निमूट सोसतात ती याच बळावर.

रेयॉनला हे जमत नाही. क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघा ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १८९२ मध्ये ज्या व्हिस्कोज प्रक्रियेचे पेटंट घेतले, तिच्यात लाकडाच्या लगद्यातला सेल्युलोज विरघळवून त्याचा धागा ओढला जातो; हेच रेयॉन. मूळ द्रव्य कापसात असते तेच, पण भिजल्यावर या धाग्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. अंगावर इतक्या सुरेख झुळझुळणाऱ्या कापडाला पिळताना हात आखडता घ्यावा, हे बरे.

लोकरीची तऱ्हा आणखी वेगळी. तिच्या तंतूवर कौलांसारखे एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यात ती घुसळली की हे खवले एकमेकांत अडकतात, तंतू पुढे सरकतात पण मागे फिरत नाहीत, आणि मोठ्या माणसाचा स्वेटर लहान मुलाच्या मापाचा होऊन बाहेर येतो. रेशमाविषयी एवढेच म्हणेन की ते भिजल्यावर थोडे दुबळे होते आणि घाम त्याला मुळीच मानवत नाही.

१९४१ मध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी शोधलेल्या पॉलिस्टरला मात्र पाण्याशी काही देणेघेणे नाही. प्रमाण मानलेल्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरून असतो, तर पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणून ते दोरीवर टाकताच वाळते, चुरगळत नाही, आटत नाही. आणि याच गुणापायी उकाड्यात घाम तंतूत मुरत नाही, अंग चिकचिकते. शिवाय तेलकटपणाशी त्याचे चांगले जमते, त्यामुळे धुऊनही काखेतला वास पुरता जात नाही.

यावरचा तोडगा म्हणून सूत आणि पॉलिस्टर यांचे मिश्र कापड निघाले आणि ते खरोखर सोयीचे आहे, हे मान्य करावेच लागते. फक्त त्यावर गोळे येतात. घासून वर आलेली तंतूंची टोके एकमेकांत गुंततात. निव्वळ सुती कापडावरचे गोळे बहुधा झडून जातात, इथे पॉलिस्टरचा चिवट तंतू त्यांना धरून ठेवतो. ते नखाने ओढू नयेत, कारण ओढताना आतले आणखी तंतू वर येतात आणि पुढच्या गोळ्यांची सोय होते. कापड सपाट पसरून ते हलक्या हाताने कात्रीने कापावेत.