लिंक लागते, पण पिंग जात नाही

आमच्या एका बोर्डावरचा ४.१९ लिनक्स कर्नल काढून ५.१० टाकला आणि इथरनेट (केबलवरचं नेटवर्क) गेलं. पोर्टचा दिवा व्यवस्थित लुकलुकत होता, बूटच्या लॉगमध्ये १ जीबीपीएस फुल डुप्लेक्स लिंक लागल्याची ओळही येत होती, पण डीएचसीपीकडून, म्हणजे आपोआप आयपी पत्ता देणाऱ्या सेवेकडून, पत्ता काही मिळेना. हाताने आयपी दिला तरी पिंग, म्हणजे समोरच्याला घातलेली साधी हाक, जाईना. एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून बोर्डावर शिरण्याचा प्रश्नच नव्हता, सगळं काम ११५२०० बॉडच्या सीरियल कन्सोलवरून.

केबल बदलली, स्विच बदलला. मग बोर्ड थेट लॅपटॉपला जोडून टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावला. बोर्ड एआरपी (समोरच्याचा हार्डवेअर पत्ता विचारणारी पॅकेट) पाठवतोय आणि लॅपटॉपवर एकही पॅकेट दिसत नाही! पण लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डाचे आकडे ईथटूल या कमांडने काढले, तर सीआरसी एरर, म्हणजे तपासणीत बिघडलेल्या निघालेल्या फ्रेमचा आकडा, सारखे वाढत होते. म्हणजे फ्रेम पोहोचत होत्या, पण बिघडलेल्या. कार्ड त्या तिथेच टाकून देत होतं, म्हणून टीसीपीडंप कोरा.

अशा वेळी माझा सगळ्यात जास्त भरवसा एका चाचणीवर आहे: वेग उतरवून बघायचा. लिंक १०० एमबीपीएसवर आणली आणि पिंग लगेच सुरू झालं. केबल आधीच तपासली होती, त्यामुळे संशय थेट प्रोसेसर आणि फाय चिप (केबलवर सिग्नल पाठवणारी आणि घेणारी) यांच्यामधल्या आरजीएमआयआय जोडणीवर गेला. पोर्टचा दिवा फक्त फायपासून पलीकडचं सांगतो, अलीकडचं नाही.

१०० एमबीपीएसला या जोडणीचं क्लॉक २५ मेगाहर्ट्झ असतं, सवड भरपूर. गिगाबिटला ते १२५ मेगाहर्ट्झ होतं आणि डेटा क्लॉकच्या दोन्ही कडांवर जातो, म्हणजे प्रत्येक बिटाला जेमतेम ४ नॅनोसेकंद. क्लॉकची कड त्याच्या मधोमध पडावी म्हणून क्लॉक साधारण २ नॅनोसेकंद उशिरा पोहोचवावं लागतं. हा उशीर बोर्डावरच्या ट्रेसने (तांब्याच्या रेषेने) द्यायचा, प्रोसेसरने द्यायचा की फायने, हे कुणीतरी ठरवलेलं असायला हवं. ट्रेसने द्यायचा तर सुमारे ३० सेंटिमीटर जादा लांबी लागते. आमच्या बोर्डावर फाय प्रोसेसरला खेटून आहे, नागमोडी ट्रेस कुठेच नाही. प्रोसेसरही उशीर देत नव्हता. उरली फाय.

डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कर्नलला बोर्डाचं हार्डवेअर सांगणाऱ्या फाइलमध्ये, मात्र फाय-मोड नुसता 'आरजीएमआयआय' लिहिलेला. त्याचा अर्थ, फायने उशीर घालू नये. जुन्या कर्नलमधला आमच्या फायचा एटी८०३एक्स ड्रायव्हर चिपमध्ये आधीपासून चालू असलेला उशीर तसाच राहू द्यायचा, म्हणून चाललं. ५.१ पासून तो डिव्हाइस ट्रीचं म्हणणं तंतोतंत पाळतो आणि उशीर बंद करतो. माझ्या मते बदल योग्यच होता. डिव्हाइस ट्रीने खरं हार्डवेअर सांगितलंच पाहिजे.

ती ओळ 'आरजीएमआयआय-आयडी', म्हणजे उशीर फायने घालावा, अशी केली, डीटीबी (डिव्हाइस ट्रीचं बायनरी रूप) बांधून बोर्डावर टाकली. गिगाबिटवर पिंग सुरू, आयपर्फ ही वेगाची चाचणी बराच वेळ चालवूनही सीआरसीचा आकडा हलला नाही. अशा ठिकाणी लिंक कायमची १०० वर बांधून मोकळं होणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही, कारण दोष तसाच राहतो आणि लिंकचा नव्वद टक्के वेग वाया जातो.

कर्नल सुरू करून देणाऱ्या यू-बूट या बूटलोडरची डिव्हाइस ट्री वेगळी असते. टीएफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून, कर्नल ओढत असाल तर तिथली ओळही तपासा.