तुम्ही विचारलंत म्हणून: "गरोदर आणि बाळंतीण बायकांना काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

आमच्या ग्रुपमध्ये चालणं, पाण्यातला व्यायाम, बॅडमिंटन, गाणं असं बरंच काही चालतं आणि त्यात सातव्या महिन्यातली बाई पण येते, दोन महिन्यांचं बाळ छातीशी बांधून आलेली पण येते. हे कळलं की बहुतेक लोक कौतुक वगैरे करतात आणि मग आवाज जरा खाली आणून विचारतात, सगळं ठीक आहे हो, पण काही झालं तर जबाबदारी कोणाची?

प्रश्न रास्त आहे, मी उडवून लावत नाही. फक्त एवढंच म्हणणं आहे की ह्या एका प्रश्नाला घाबरून बहुतेक ठिकाणी सरळ "बाळंतपण झालं की या" असं सांगून टाकतात, आणि त्यात बाईला कोणी काही विचारतच नाही. ऑस्ट्रेलियात २००१ साली नेटबॉलच्या संघटनेने हेच केलं होतं, गरोदर खेळाडूंना खेळायलाच बंदी, कारण उद्या कोणी केस केली तर काय ही धास्ती. झालं उलटंच. एक खेळाडू कोर्टात गेली आणि २००३ मध्ये निकाल लागला की ही बंदी म्हणजे बेकायदेशीर भेदभाव आहे. म्हणजे सरसकट दार बंद केलं की जबाबदारीतून सुटलो असं नसतं.

आता वैद्यकीय बाजू. पूर्वी खरंच खूप भीती होती. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ मध्ये सांगितलं होतं की गरोदरपणात नाडी १४० च्या वर जाऊ देऊ नका आणि जोराचा व्यायाम १५ मिनिटांपेक्षा जास्त नको. १९९४ मध्ये त्यांनीच ती १४० ची मर्यादा काढून टाकली, पण आपल्या डोक्यातून काही ती भीती गेली नाही. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तर स्पष्ट लिहिलं की काही वैद्यकीय अडचण नसेल तर गरोदर आणि बाळंत झालेल्या बायकांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी. मध्यम म्हणजे किती, तर चालता चालता बोलता यायला पाहिजे पण गाणं म्हणता यायला नको, आमच्याकडे घड्याळापेक्षा हेच माप चालतं.

ज्यांनी करूच नये अशा बायका आहेतच. वार (प्लासेंटा) खाली आहे, बीपी वाढलंय, पिशवीच्या तोंडाला टाका घातलाय, अंगावरून रक्त जातंय, पाणी गेलंय, हे तिचे डॉक्टर तिला सांगतात, आणि आम्ही पण आधी विचारतो. पण विचारतो तिला, तिच्या सासूला किंवा नवऱ्याला नाही (हे लिहायची वेळ येऊ नये खरं तर, पण येते). बाकीच्यांसाठी काय बदलायचं ते फार नाहीये हो. धक्काबुक्कीचे आणि पडायची भीती असलेले खेळ नकोत, तिसऱ्या महिन्यानंतर पाठीवर बराच वेळ सपाट झोपवून काही करून घ्यायचं नाही, उकाड्यात दमवायचं नाही, आणि चक्कर आली, छातीत दुखलं, रक्त दिसलं, पोटात नियमित कळा यायला लागल्या की तिथेच थांबायचं. हे शिकवणाऱ्याला पाठ पाहिजे. पाण्यातला व्यायाम तर शेवटच्या महिन्यांत बायकांना फार आवडतो कारण पाणी वजन उचलून धरतं आणि पायांची सूज पण जरा उतरते.

आणि एक, ऑलिम्पिकवालीचं उदाहरण देऊन कोणाला आणू नका. २०२४ ला पॅरिसमध्ये इजिप्तची नादा हाफेझ सात महिन्यांची गरोदर असताना तलवारबाजी खेळली, मला पण भारी वाटलं, पण जी बाई जिना चढून वर आली की धापा टाकते तिला हे ऐकून अजूनच वाटतं की आपलं हे काम नाही. तिला सांगावं लागतं की ये, दहा मिनिटं कर आणि बस, बसलेलं पण चालतं.

हे झालं गरोदर बायकांचं. पण खरं सांगू, आम्हाला अवघड गेलं ते बाळंतिणींचं. गरोदर बाईला निदान लोक घाबरून तरी का होईना बघतात, बाळ झालं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे आणि बाईला कोणी अडवत नाही, फक्त तिला येताच येत नाही. वर्ग अकराला सुरू होतो आणि बाळ पावणेअकराला झोपतं. बाबागाडी पायऱ्यांवरून चढत नाही. महिन्याचे पैसे आधी भरायचे आणि त्यातले निम्मे दिवस बाळाला सर्दी, मग ती पुढच्या महिन्यात नाव घालतच नाही. म्हणून आमच्याकडे आली त्या दिवसाचेच पैसे, उशिरा आली तरी चालतं, मधेच उठून गेली तरी कोणी मान वळवून बघायचं नाही, अंगावर पाजायचं तर तिथेच खुर्ची आहे, बाटलीने पाजायचं तरी तीच खुर्ची, त्यावर कोणी सल्ला द्यायचा नाही. सल्ल्याची बंदी पाळणं सगळ्यात जड जातं लोकांना.

टॉयलेट जवळ पाहिजे. हे मी पुन्हा पुन्हा सांगते आणि हॉल बघणारे लोक हसतात, पण बाळंतपणानंतर साधारण तिघींपैकी एकीला खोकताना, उडी मारताना लघवी निसटते आणि ह्या कारणासाठी येणं बंद केलेली बाई खरं कारण कधीच सांगत नाही, वेळ नाही म्हणते. म्हणून सुरुवातीला उड्या नाहीत, पळणं तर निदान तीन महिने नाहीच, सिझर झालेलीला अजून सावकाश, आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव पूर्ण थांबेपर्यंत पोहणं नाही.

ज्यांना व्यायाम नकोच त्यांच्यासाठी गाणं आहे. हे नुसतं टाइमपास म्हणून नाही. २०१८ मध्ये इंग्लंडमधला एक अभ्यास आला, बाळंतपणानंतरच्या नैराश्याची लक्षणं असलेल्या आया दहा आठवडे बाळांना घेऊन एकत्र गायल्या, आणि ज्यांची लक्षणं मध्यम ते तीव्र होती त्या नेहमीचीच काळजी मिळालेल्या आयांपेक्षा लवकर सावरल्या. गाणं हा उपचाराला पर्याय नाही, पण ते असलं की घरातून बाहेर पडायला काहीतरी निमित्त मिळतं.

फॉर्मवर आम्ही बाळाचं नाव, वय विचारत नाही. कोणाचं बाळ अजून काचेच्या पेटीत असतं, कोणाचं वाचलेलं नसतं आणि शरीर तर बाळंतिणीचंच असतं, कोणी दत्तक घेतलेलं असतं. ज्याला जे सांगायचं ते तो सांगतो.

तर जबाबदारी आमची किती? जागा सुरक्षित ठेवायची, शिकवणारा जाणता ठेवायचा, थांबायला मोकळीक द्यायची, फोन आणि प्रथमोपचार हाताशी ठेवायचे, एवढी. तिच्या शरीराचा निर्णय तिचा आणि तिच्या डॉक्टरांचा, तो आम्ही घेत नाही.

आणि आता तुम्ही पुढचं विचारणारच, बाळं रडली की बाकीच्यांना त्रास होत नाही का. होतो ना. गाण्याच्या ग्रुपमधले एक काका दर वेळी तक्रार करतात, आम्ही त्यांना लांबची खुर्ची दिलीये.